परसांतील लोखंडी बैल

परसाची हौस असणें निराळें आणि परस राखणें निराळें, हें आमच्या घरांत पूर्वीं कोणी बोलून दाखवीत नसे. कारण राखणारीं माणसें गांवीं होतीं आणि हौसेचीं माणसें पुण्यामुंबईस होतीं. रत्नागिरी जिल्ह्यांतील आमच्या घराच्या पाठीमागें सहा गुंठ्यांचें परस आहे. पावसाळ्यांत तेथें कमरेइतकें गवत माजतें. आश्विन लागला म्हणजे तें कापावयाचें, जमीन खणावयाची, वाफे पाडावयाचे आणि कार्तिकांत वाल, पावटे, मुळा, माठ, मिरची, वांगीं लावावयाचीं, हा क्रम आमच्या आजोबांच्या वेळेपासून चालत आला आहे. त्या काळीं शेजारचें जोत एक दिवस मागून आणलें कीं काम होई. पुढें गांवांतले बैल कमी झाले, तेव्हां चार गडी चार दिवस कुदळी चालवूं लागले. अलीकडे गडीही मिळेनासे झाले, आणि तीन वर्षांपूर्वींच्या आश्विनांत आमच्या थोरल्या बंधूंनीं एक जुना पॉवर टिलर विकत घेतला. त्या यंत्रानें आमच्या घरीं जो उपयोग केला आणि जो उत्पात केला, त्या दोहोंची हकीकत येथें देत आहों. ज्या कुटुंबांचें गांवीं घर आहे, मागें थोडीबहुत जमीन आहे आणि ती वहितीस आणावी असें ज्यांच्या मनांत आहे, त्यांस ती कांहीं अंशीं उपयोगीं पडावी.

पॉवर टिलर म्हणजे लहान ट्रॅक्टर नव्हे. त्यावर बसून फिरावयाचें नसतें. दोन चाकांवर उभें असलेलें हें धूड मागून दोन लांब दांड्यांना धरून चालवावें लागतें. पुढें एकाच सिलिंडरचें बारा-तेरा अश्वशक्तीचें डिझेल इंजिन, मध्यें गिअरची पेटी आणि मागें एका आडव्या दांड्यावर बसविलेलीं वांकडीं पातीं, अशी त्याची ठेवण. चाकें यंत्रास पुढें नेतात आणि पातीं वेगानें फिरून माती कुरतडतात. नांगर माती उलथतो, हें यंत्र ती भुसभुशीत करतें. हा भेद लक्षांत ठेवावा, कारण पुढील सारा घोळ यांतूनच निघालेला आहे. संबंध यंत्राचें वजन चारशे किलोंच्या वर जातें. बैल दमला तर थांबतो, हें थांबत नाहीं.

ही कल्पना मूळची ऑस्ट्रेलियांतली. आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड नांवाच्या तरुणानें १९१२ सालीं न्यू साउथ वेल्समधील गिलगांड्रा येथें वडिलांच्या शेतावर वाफेच्या ट्रॅक्टरच्या इंजिनाकडून फिरतीं पातीं चालवून पाहिलीं. नांगरानें जमीन जशी खालीं दाबली जाते तशी यानें दाबली जात नाहीं, असें त्यास आढळून आलें. पहिल्या रचनेंत माती बाजूस उडे. पुढें त्यानें काटकोनांत वळविलेलीं पातीं योजून तो दोष काढून टाकला, १९२० सालीं पेटंट घेतलें, १९२२ सालीं कंपनी काढली आणि १९३८ सालीं इंग्लंडांत कारखाना उभारला. जपानांत दुसऱ्या महायुद्धानंतर लहान लहान भातखाचरांसाठीं हातीं धरून चालविण्याचीं यंत्रें घरोघर झालीं. आपल्याकडे बंगलोरची व्ही. एस. टी. कंपनी १९६७ सालीं आणि केरळ सरकारची कामको ही संस्था १९७३ सालीं निघाली, आणि दोहोंनींही जपानी विद्येच्या आधारेंच टिलर बनविण्यास आरंभ केला. कोंकणांत हें यंत्र आलें तें भाताच्या चिखलणीसाठीं. परसांत तें आणणें ही आमच्या दादांची कल्पना.

दादांनीं यंत्र घेतलें तें पलीकडच्या गांवच्या एका भातशेतकऱ्याकडून, नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीस. पैसे पुण्याच्या धाकट्या बंधूंनीं दिले. घरांत त्यावर जी चर्चा झाली ती सबंध देण्याजोगी नाहीं; एवढेंच सांगतों कीं, आमच्या काकू, ज्यांचें वय आतां ब्यायशीं आहे आणि ज्यांनीं साठ वर्षें हें परस सांभाळलें, त्यांनीं अंगणांत उभ्या केलेल्या त्या यंत्राकडे एकवार पाहिलें आणि विचारलें, "ह्याला हरळी आणि भाजी ह्यांतला फरक कळतो का रे?" दादा हंसले. आम्हीही हंसलों. १९०३ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर बाजारांत आणला तेव्हां लोखंडानें जमिनीस विष चढेल म्हणून शेतकरी तो घेईनात, ती प्रसिद्ध हकीकत आमच्या धाकट्या बंधूंनीं या प्रसंगीं मोठ्या रसभरित वाणीनें सांगितली. काकू ऐकून घेऊन आंत गेल्या.

जुनें यंत्र घेतांना काय पाहावें हें आम्हांस खरेदी झाल्यावर कळलें. वाचकांस तें आधीं कळलेलें बरें. इंजिन थंड असतांनाच जावें. तापवून ठेवलेलें इंजिन कोणाचेंही पटकन् चालूं होतें. हँडल हातानें सावकाश फिरवून पाहावें. एका ठिकाणीं तें चांगलें जड लागलें पाहिजे. कोठेंच जड लागत नसेल तर सिलिंडर झिजलेला आहे असें समजावें. इंजिन चालूं झाल्यावर धुराकडे लक्ष द्यावें. निळसर धूर सतत येत असेल तर तेल जळत आहे. भार नसतांनाही काळा येत असेल तर डिझेल नीट जळत नाहीं. इंजिनाचें तेल काढून पाहावें. तें दुधाळ दिसलें तर त्यांत पाणी शिरलेलें आहे, आणि मग किंमत कितीही उतरली तरी घरीं परत यावें. पट्ट्यांना चिरा आहेत काय, पातीं टोंकाशीं झिजून अर्धीं झालीं आहेत काय, पात्यांचा दांडा हातानें हालविला असतां खुळखुळतो काय, तेंही पाहावें. पातीं आणि पट्टे स्वस्तांत बदलतां येतात. खुळखुळणारा दांडा मात्र आंतलीं बेअरिंगें आणि सीलें गेल्याची खूण असते. भातशेतींत चाललेल्या टिलरांत हा दोष विशेष आढळतो, कारण ते हंगामभर गुडघाभर चिखलांत असतात आणि सील थोडें जरी झिजलें तरी चिखलाचें पाणी पेटींत शिरतें. आमच्या यंत्रांत तें शिरलेलें होतें. तपासावयास नेलेल्या मिस्त्रींनीं "एकदम फर्स्ट क्लास" असा शेरा दिला होता आणि त्याबद्दल चहाशिवाय पांचशें रुपयेही घेतले होते. पहिल्याच महिन्यांत पेटी उघडावी लागली.

कागदांची गोष्टही राहूं नये. मूळ खरेदीची पावती घ्यावी आणि इंजिनावरचा क्रमांक तिच्याशीं ताडून पाहावा.

आतां त्या दिवसाची हकीकत. आमच्या घरापासून परसांत जावयास एक उतरती पाणंद आहे. तिच्या एका बाजूस जांभ्याचा गडगा आणि दुसऱ्या बाजूस, जेथें ती परसाला मिळते तेथें, विहीर. विहिरीचा कठडा जेमतेम हातभर उंच. दादांनीं सपाट अंगणांत दोन दिवस सराव केला होता. टिलर वळविण्यासाठीं दोन्ही मुठींखालीं एकेक लहान लिव्हर असते. डावी दाबली कीं डाव्या चाकाची शक्ति तुटते, उजवें चाक ढकलीत राहतें आणि यंत्र डावीकडे वळतें. यांत अवघड असें कांहींच नाहीं. तिसऱ्या दिवशीं सकाळीं दादा यंत्र घेऊन पाणंदींतून उतरूं लागले. विहीर डाव्या हाताला होती. यंत्र थोडें तिकडे झुकत आहे असें वाटल्यावरून त्यांनीं उजवी लिव्हर दाबली. यंत्र उजवीकडे वळावयाचें तें सरळ डावीकडे, विहिरीकडे वळलें. दादांनीं लिव्हर आणखी जोरानें दाबली; यंत्र आणखी वेगानें विहिरीकडे निघालें. कठड्याच्या अलीकडे जो माड आहे त्यावर तें आपटलें आणि बंद पडलें. दादा दांड्यासकट फेकले गेले. त्यांच्या गुडघ्याचा सांधा दुखावला आणि ते सहा आठवडे झोंपाळ्यावर बसून होते. तो माड आमच्या आजोबांनीं लावलेला. त्याच्या बुंध्यावरची खांच अजून दिसते.

घरांत एकमतानें ठरलें कीं यंत्र विकून टाकावें. वहिनींनीं तर त्या दिवसापासून त्याच्याकडे पाहिलें नाहीं. दादा मात्र पुनः पुन्हां एकच गोष्ट सांगत, "मी उजवीच दाबली होती." आम्हांस वाटे, घाईंत चूक झाली असावी आणि वडील माणूस ती कबूल करीत नाहीं. हा आमचा अन्याय होता. दिवाळीस मुंबईहून चिरंजीव आणि सूनबाई आलीं. सूनबाई यंत्रशास्त्राच्या पदवीधर आहेत. त्यांनीं यंत्राबरोबर आलेली मळकट माहितीपुस्तिका काढून एक संध्याकाळ वाचली, आणि फराळाच्या वेळीं म्हणाल्या, "बाबा, तुम्ही उजवीच दाबलीत. म्हणूनच तो डावीकडे गेला."

त्यांनीं सांगितलेलें कारण इतकें सोपें आहे कीं तें प्रत्येक टिलरवाल्यास पाठ असावयास हवें, आणि फार थोड्यांस तें ठाऊक असतें. सपाटीवर इंजिन चाकांस ओढतें. उतारावर यंत्र स्वतःच्या वजनानें खालीं धांवूं पाहतें आणि इंजिन चाकांस उलट धरून ठेवतें. अशा वेळीं उजवी लिव्हर दाबली म्हणजे उजव्या चाकाची ओढ तुटत नाहीं, त्याचा लगाम सुटतो. उजवें चाक मोकळें होऊन वेगानें पुढें जातें, डावें धरलेलें राहतें, आणि यंत्र डावीकडे फिरतें. म्हणजे तीव्र उतारावर लिव्हरांचा गुण नेमका उलटा होतो. यासाठीं उतरतांना त्यांस हातच लावूं नये. सर्वांत खालच्या गिअरमध्यें, पातीं बंद ठेवून, दांड्यास खांदा देऊन दिशा राखावी. वाटेंत मुख्य क्लच दाबूं नये व गिअर न्यूट्रलमध्यें आणूं नये, कारण तसें केल्यास दोन्ही चाकांचा लगाम एकदम सुटतो. दादांनीं हें सर्व ऐकलें, गुडघ्यावरून हात फिरविला, आणि सर्वांकडे अशा दृष्टीनें पाहिलें कीं आम्हांस खालीं मान घालावी लागली.

विक्रीचा बेत राहिला. वहिनींचें मन वळविणें सोपें नव्हतें; त्या म्हणाल्या, "कारण कळलं म्हणून गुडघा बरा होत नाहीं." पण पाणंदीच्या उतारावर दोन ठिकाणीं पायऱ्यांऐवजीं सपाट टप्पे करून घ्यावयाचे आणि विहिरीचा कठडा छातीइतका उंच बांधावयाचा, या अटीवर त्यांनीं होकार दिला. कठडा तर यंत्र नसतें तरीही तीस वर्षांपूर्वींच बांधावयास हवा होता. गडी मिळण्यास पौष उजाडला, आणि मगच परसाचें काम निघालें.

या ठिकाणीं मशागतीविषयीं दोन शब्द लिहितों. टिलर परसांत घालण्यापूर्वीं सबंध जागा पायीं फिरून पाहावी. आमच्या परसांत जांभ्याचे दगड निघाले, एक मोडका पाटा निघाला, आणि जमिनीखालीं चार बोटें गाडली गेलेली कपडे वाळविण्याची एक जुनी तार मात्र निघावयाची राहिली. ती पात्यांत गुंडाळली जाऊन दांड्यास अशी बसली कीं पक्कड घेऊन दोन तास बसावें लागलें. असा गुंता काढतांना इंजिन बंदच असलें पाहिजे. क्लच दाबून किंवा पातीं गिअरमधून काढून भागत नाहीं. लुगड्याचा वा साडीचा पदर, धोतराचा सोगा, सुटे केस, मफलर, हें सर्व यंत्राजवळ वर्ज्य. पातीं चालूं असतांना यंत्र मागें घेऊं नये. तेव्हां चालविणाराचेच पाय पात्यांच्या वाटेंत येतात. झाडांच्या बुंध्यांपासून दूर राहावें. माडाचीं बहुतेक कामाचीं मुळें बुंध्यापासून दोन मीटरांच्या आंत असतात. तेवढें वर्तुळ कुदळीसही मोकळें ठेवावें, मग यंत्राचें तर बोलावयासच नको.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाफशाची. वाफसा हा शब्द शहरांत वाढलेल्या आमच्या पुतण्यांस ठाऊक नव्हता म्हणून त्याचें लक्षण सांगतों. पाऊस वा पाणी झाल्यानंतर जमीन ना चिखल ना दगड अशा स्थितींत येते, तो वाफसा. मूठभर माती घेऊन दाबावी आणि तो गोळा कमरेइतक्या उंचीवरून सोडावा. गोळा पडून चपटा झाला तर जमीन ओली आहे. मुळांत वळलाच नाहीं तर कोरडी आहे. वळला आणि पडून फुटला तर यंत्र चालूं करावें. ओल्या जमिनींत टिलर घातला तर माती चोपली जाते, पात्यांना चिकटते, आणि वाळल्यावर जीं ढेंकळें बनतात तीं मोगरीनें फोडावीं लागतात. कोंकणच्या तांबड्या मातींतून पाणी लवकर निचरतें. वाफसा लवकर येतो आणि लवकर जातोही. देशावरच्या काळ्या जमिनीला वाफशास अधिक दिवस लागतात. म्हणून दिवस पंचांगांत पाहून ठरवूं नये, मुठींत पाहून ठरवावा.

आमचें काम पौषांत आदल्या दिवशीं पाणी शिंपून आणि तिसऱ्या दिवशीं वाफसा पाहून झालें. यंत्राची पट्टी साठ सेंटिमीटर रुंद. दहा सेंटिमीटर पट्टी दुसरीवर चढवावी लागते असें धरलें तर गुंठ्यास दोनशें मीटर आणि सहा गुंठ्यांस सव्वा किलोमीटर चालणें होतें. चार गड्यांचें चार दिवसांचें काम एका सकाळींत उरकलें. अर्धा भाग दादांनीं चालविला, अर्धा सूनबाईंनीं, केस घट्ट बांधून आणि पायांत बूट घालून. काकू मागील दारीं बसून पाहत होत्या. माती चाळणींतून काढल्यासारखी झाली होती. तिजवर अनवाणी चालावें असें वाटे. आधीं पसरलेलें कुजकें शेणखत आणि चुलींतली राख तींत एकजीव झालीं होतीं. आमच्याकडची जमीन आंबट, पाऊस तीन हजार मिलिमीटरांच्या वर. खत आणि राख यांवांचून भाजी धरत नाहीं. सर्वांनीं यंत्राचें कौतुक केलें. कांहीं दिवसांनीं बीं पेरलें.

बरोबर तीन आठवड्यांनीं परस हिरवें झालें. तें मुळ्यानें नव्हे, माठानें नव्हे. हरळीनें आणि लव्हाळ्यानें. जेथें पूर्वीं हरळीचे चार ठोंब कोपऱ्यांत होते, तेथें सहाही गुंठे भरून गेले. कारण उघड होतें. हरळीच्या जमिनींतल्या देंठाला पेऱ्यापेऱ्याशीं डोळा असतो. कुदळीनें खणणारा माणूस ठोंब उपटून बांधावर फेंकतो; पातीं त्याच ठोंबाचे शंभर तुकडे करतात, ओल्या, खत घातलेल्या, मऊ मातींत सारख्या अंतरावर पसरवून ठेवतात, आणि प्रत्येक तुकडा उगवतो. लव्हाळ्याच्या गांठींचेंही तसेंच. एकमेकींशीं जोडलेल्या असेपर्यंत ज्या गांठी निजून राहतात त्या सुट्या झाल्या कीं उठतात. आम्हीं यंत्रानें परस नांगरलें नव्हतें, हरळीची लागवड केली होती.

काकू त्या दिवशीं परसांत आल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "गणपतीला दूर्वांची ददात नाहीं आतां." त्यांच्या प्रश्नावर आम्ही हंसलों होतों, हें त्यांनीं बोलून दाखविलें नाहीं. बोलून दाखवितें तर बरें वाटतें. त्या वर्षीं आमच्या घरीं भाजी बाजारांतून आली, आणि जे वाल वाचले ते दोन वाडग्यांत मावले.

यंत्रावरचा दादांचा विश्वास यानें उडाला आणि ते फिरून विकण्याची भाषा करूं लागले. धाकट्या बंधूंनीं पुण्याहून १९४३ सालच्या एका ग्रंथाची बातमी आणली. एडवर्ड फॉकनर नांवाच्या अमेरिकन लेखकानें त्यांत नांगरटीवरच कोरडे ओढले असून जमीन उलथण्याची मुळीं गरजच काय असा प्रश्न केला आहे. ज्यांचे पैसे यंत्रांत गेले होते त्यांनींच हें वाचावें, याचें आम्हांस नवल वाटलें. पण वाट दाखविली ती काकूंनीं. चैत्रांत एकदां जेवणें झाल्यावर त्या दादांस म्हणाल्या, "अरे, माझे सासरे वैशाखांत खणायचे. हरळी कार्तिकांत तोडली तर वाढते, वैशाखांत उन्हावर पडली तर मरते. तुझ्या बैलाला वैशाखांत जुंप."

आम्हीं तसें केलें. वैशाखांत जमीन इतकी कोरडी होती कीं पहिल्या फेरीस पातीं जेमतेम चार बोटें शिरलीं. पाणी मुळींच दिलें नाहीं. वर आलेलीं देंठें आणि गांठी उन्हांत वाळूं दिल्या, लोखंडी पंजानें ओढून जाळल्या, आणि दोन आठवड्यांनीं पुन्हां तीच फेरी थोडी खोल केली. मृगापूर्वीं अशा तीन फेऱ्या झाल्या. लव्हाळ्याची गांठ चिवट असली तरी कोरडेपणा तिला सोसत नाहीं. हरळीचें देंठ तर दोन दिवसांच्या उन्हांतच सुतळीसारखें होतें. जें यंत्र ओल्या जमिनींत तणाची पेरणी करतें तेंच तापल्या जमिनींत तण मारतें. कृषिखात्याचीं माणसें उन्हाळी नांगरट करा म्हणून जें सांगतात त्यांतलें अर्धें मर्म हेंच आहे, पण परसासाठीं तें कोणी आम्हांस सांगितलें नव्हतें. सांगणारें माणूस घरांतच होतें, त्यांस कोणी विचारलें नव्हतें. दुसऱ्या वर्षाच्या आश्विनांत हरळी बांधाच्या कडेस तेवढी राहिली होती. लव्हाळा होता, पण हातानें उपटण्याइतका.

दुसरा एक दोष मात्र सावकाश वर आला. दुसऱ्या हंगामांत वाफ्यांतलें पाणी पूर्वींसारखें मुरेना, आणि मुळे आंखूड व दुतोंडी निघूं लागले. ओल्या वाफ्यांत लोखंडी सळई खुपसून पाहिली तों ती वीतभर सहज गेली आणि मग एकदम अडली. फिरतीं पातीं नेहमीं एकाच खोलीवर घासत गेलीं म्हणजे त्यांच्या तळाशीं जमीन चोपली जाऊन असा थर बसतो. वरून माती लोण्यासारखी, खालीं फरशी. त्यावर उपाय यंत्राजवळ नाहीं. चार वाफे दादांनीं आणि आम्हीं पहारीनें उकरले, बाकीच्यांत तूर लावली. तिचें मूळ खोल जातें. शिवाय माती फार बारीक करण्याचा मोह आवरला पाहिजे. पातीं सावकाश आणि चाकें थोडीं वेगानें चालविलीं म्हणजे माती भुकटी न होतां खड्यांची राहते, पहिल्या पावसानें तिची पापुद्र्यासारखी खपली धरत नाहीं, आणि गांडुळेंही कमी तुटतात. पहिल्या वर्षीं गांडुळें तुटलेलीं आम्हीं डोळ्यांनीं पाहिलीं होतीं. कावळे आणि बगळे यंत्रामागून चालत होते.

आतां आमच्या घरचा क्रम असा ठरला आहे: वैशाखांत, तेंही वर्षाआड, टिलर, कार्तिकांत कुदळ आणि पंजा, वाफ्यापुरतेच. ज्या वर्षीं टिलर नसतो त्या वर्षीं वाफ्यांवर वीतभर पालापाचोळा पसरून तो जागींच कुजूं देतों. म्हणजे एका सकाळींत काम उरकण्याची जी अपेक्षा धरून यंत्र आणलें, ती फळली नाहीं. वर्षांतले चार दिवस अजूनही पाठ वांकवावी लागते. उरलेला काळ यंत्र बैलांच्या गोठ्यांत उभें असतें. शेजारचीं दोन घरें तें भातासाठीं मागून नेतात आणि डिझेलशिवाय थोडें भाडें देतात. त्यांतून पेटीचीं सीलें बदललीं.

यंदाच्या वैशाखांत काकूंनीं मागील दारीं खुर्ची मागवून घेतली आणि तीन्ही फेऱ्या बसून पाहिल्या. दुसऱ्या फेरीच्या वेळीं त्यांनीं दादांस हांक मारून थांबविलें आणि विहिरीजवळच्या कोपऱ्याकडे बोट दाखविलें. तेथें एक पट्टी सुटली होती. दादांनीं यंत्र वळविलें, सपाटीवर, उजवी लिव्हर दाबून, आणि ती पट्टी काढली. वाल या वर्षीं अडीच पायली झाले. मुळे मात्र अजून सरळ येत नाहींत.